धारेचा बिल्ला

मी ज्या शाळेत कारकून आहे, तिथली पोरं दरवर्षी स्काउटचे बिल्ले मिळवतात आणि त्यांची नावं मला टाइप करावी लागतात. गाठी मारणे, प्रथमोपचार, स्वयंपाक, शिवणकाम. एकदा टाइप करता करता मनात आलं, यातलं आपल्याला काय येतं? फक्त टाइप करणं. त्याचा बिल्ला नव्हता.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला स्काउटात कोण घेणार? म्हणून मी एकट्यानेच सुरू केलं. बिल्लेही घरीच बनवायचो. शिंप्याकडच्या चिंध्यांवर वाटी ठेवून गोल कापायचे, वर दोऱ्याने चित्र काढायचं आणि जुन्या खाकी जॅकेटवर शिवून टाकायचं. नियम एकच, पण कडक. ज्याला ते काम येतं आणि माझं कौतुक करायची ज्याला मुळीच हौस नाही, अशा माणसाने पास केलं तरच बिल्ला. मिरजगावजवळच्या आमच्या वस्तीवर असा माणूस शोधत फिरावं लागलं नाही. आई घरातच होती.

गाठींच्या परीक्षेत मी मोटारसायकलला कडब्याच्या पेंढ्या अशा बांधल्या, की सोडवायला विळा आणावा लागला. आई म्हणाली, "सुटल्या न्हाईत ह्ये खरं. पन गुरांनी खायाच्या कशा?" नापास. चुलीवरच्या भाकरीतही नापास. बायको सकाळच्या एसटीने नोकरीला निघताना खुंटीवरच्या जॅकेटकडे बघून विचारायची, "मिलिटरीची भरती कधी आहे?"

शिवणकामात मात्र आईने पहिल्या फटक्यात पास केलं. मी शिवलेला उशीचा अभ्रा तिने हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "बरा हाय की." माझ्या आईच्या तोंडून 'बरा' म्हणजे दुसऱ्या घरात हारतुरे. मी कितीतरी दिवस हवेत होतो. सुईचं चित्र काढलेला तो बिल्ला मी जॅकेटच्या बरोबर छातीवर लावला.

पुढे नगरच्या डॉक्टरांनी आईला तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पार पिकलेला. लवकर ऑपरेशन केलं नाही तर डोळा हातचा जाईल, म्हणाले. आणि नंतर महिनाभर वाकायचं नाही, गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. आईने सगळं शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, "मंग धार कोन काढंल?"

आमची गाय गावरान. आईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. बायकोला तिने एकदा लाथ मारली, तेव्हापासून दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. गाय विकू या म्हटलं, तर आई दिवसभर गोठ्यात जाऊन बसली. संध्याकाळी म्हणाली, "तू शिक धार काढाया. मंग जाते."

मी शिकायला बसलो. वासरू पाजायला सोडलं की गाय पान्हा सोडायची. वासरू ओढून मी बसलो, की मान वळवून मला नीट बघून घ्यायची आणि दूध चोरायची. थेंब नाही. मी जास्त लाडीगोडी लावली तर बादली उडवायची. ऑपरेशन पुढे ढकललं, परत ढकललं. इकडे आई भिंत चाचपत चालायला लागली होती. एका सकाळी तुळशीला घालायचं पाणी तिने माझ्या चपलांवर ओतलं आणि हात जोडले. मी हसलो, मग मला एकदम भीती वाटली. आजवरचे बिल्ले हौसेचे होते. हा मिळाला नाही तर आईचा डोळा जाणार होता.

उपाय बायकोने काढला. "अहो, तिला तुमचा वास नकोय. सासूबाईंचा हवाय." तिने आईचं आदल्या दिवशीचं लुगडं आणून दिलं. पॅंटवरूनच ते गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन मी गाईपाशी बसलो. तेवढ्यात दूध घालायला निघालेल्या शेजाऱ्याने रस्त्यावर गाडी थांबवून हाक मारली, "काकू, ल्योक अजून उठला न्हाई व्हय?"

मी पदराआडून मान हलवली. नाही उठला.

"लई लाडावून ठिवलाय तुमी," म्हणून तो गेला. आणि गाईने दूध सोडलं. बादलीच्या बुडावर धार वाजली. आई उंबऱ्यावर बसून कान देऊन ऐकत होती. बादली भरत आली तशी म्हणाली, "लुगडं माजं, गाय माजी. तुला कशाचा बिल्ला? लुगड्याबिगर काढ, मंग बघू." जरा वेळाने हळूच म्हणाली, "डाक्टरला फोन कर."

ऑपरेशन झालं. महिनाभर मी धार काढली. आधी पूर्ण लुगड्यात, मग खांद्यावर नुसता पदर टाकून, शेवटी शर्टातच. आईचा काळा चष्मा निघाला त्या दिवशी ती गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. घरात येऊन तिने मी आधीच करून ठेवलेला, गाईचं चित्र काढलेला बिल्ला मागितला, जॅकेट मागितलं आणि सुईदोरा मागितला.

सुई ओवायला ती कित्येक वर्षं कुणाला तरी हाक मारायची. मी सवयीने हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका झटक्यात सुई ओवली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिने बारीक, सरळ टाके घालून धारेचा बिल्ला पक्का केला.

मग तिची नजर छातीवरच्या बिल्ल्याकडे गेली. "शिवनाचा तुला कुनी दिला?"

"तूच."

तिने त्याचे टाके पाहिले. उठून उशीचा अभ्राही आणून पाहिला, उलटून पाहिला.

"तवा मला दिसत न्हवतं," ती म्हणाली आणि तिने कात्री मागितली.