आत्याच्या वाट्याचं इंजेक्शन

हाड मोडलं की आत्या आधी हसायची. बाबांची ही धाकटी बहीण ओट्याला जरा जोरात टेकली आणि बारीकसा आवाज झाला, की तिथूनच सांगायची, "दादा, गेलं वाटते बापा. पण चहा पिऊन घे पहिले." मी मात्र मोडायच्या आधीच रडायचे. आजार आम्हा दोघींना एकच. हाडं चिवट ठेवणारं कोलॅजन आमच्या अंगात नीट तयारच होत नाही. बाबांमध्ये तो आजार डोळ्यांच्या पांढऱ्या भागातल्या निळसर झाकेपुरताच दिसतो. भिलाईत, हुडको वसाहतीतल्या आमच्या घरात एका वेळी दोन प्लॅस्टर असणं नवलाचं नव्हतं. आलेगेले लोक मात्र तिच्याच पलंगाशी बसायचे.

"हळू" हा शब्द तिला चालायचा नाही. दिवसभर कोणी ना कोणी आम्हाला तो म्हणायचंच. मी ऐकून घ्यायचे. ती म्हणायची, "हळूच तं चाललं आहे आयुष्य. आनखी किती हळू करू?"

मग रायपूरच्या एका दवाखान्यात नव्या इंजेक्शनची चाचणी सुरू झाली. ते आमचं कोलॅजन सुधारणार नव्हतं, पण शरीराला जास्त हाड तयार करायला लावेल अशी आशा होती. काहींना औषध मिळणार, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे शेवटपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. आत्याला घेतलं. मी सतरा वर्षांची होते. "अठरा के बाद, बेटा," डॉक्टर म्हणाले. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

दर महिन्याला तिच्या पोटात ती सुई जायची आणि मी खोदून खोदून विचारायचे, जळजळतं का, अंगात काही वेगळं वाटतं का.

"मुंगी चावल्यावानी वाटते. तू कावून विचारून राहिली? माझी मुंगी आहे ते."

काही महिन्यांत तिने वॉकर भिंतीला लावला. एकटी बाजारात जाऊ लागली, कोथिंबिरीसाठी भांडून येऊ लागली. त्याच उन्हाळ्यात पलंगावरून उतरताना माझ्या मांडीचं हाड मोडलं. मी पडून असायचे आणि स्वयंपाकघरात तिची पावलं वाजायची. तो आवाज मला सोसवत नसे. एकदा ती वरणभात घेऊन आली, तेव्हा मी म्हणाले, "ते इंजेक्शन मला मिळायला हवं होतं."

ती हसली नाही. ताट माझ्या छातीवर ठेवून म्हणाली, "हो वो. तुले भेटलं असतं तं मी बी जळली असती. जळ, पण जेव."

चाचणीचा तो टप्पा संपला आणि डॉक्टरांनी उलगडून सांगितलं, आत्याला मिठाचं पाणीच मिळालं होतं. बाबांनी चष्मा काढून पुसला. आत्या म्हणाली, "म्हणजे बजारात मी माह्याच हाडांवर गेली?" आणि तिला जे हसू फुटलं, ते दवाखान्याच्या फाटकापर्यंत थांबेना. औषधाचा हेवा मी समजू शकत होते. या हसण्याचं काय करायचं, ते मला कळेना.

पुढच्या टप्प्यात सगळ्यांना खरं औषध मिळणार होतं, पण त्याला वेळ होता. तेवढ्यात तिला नागपुरात मुलींच्या एका वसतिगृहाची देखरेख करायचं काम मिळालं. बाबा म्हणाले, "तिथं पडली तर?"

"तिथं बी हड्डीचे डॉक्टर आहेत, दादा."

दुर्ग स्टेशनवर तिने खिडकीतून माझे गाल ओढले. गाडी हलली तरी मी हात केला नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर मलाही त्या टप्प्यात घेतलं, आणि आता मला ते इंजेक्शन मिळतं. खरंच मुंगी चावल्यासारखं वाटतं. दवाखान्यातून तिलाही बोलावतात, पण कधी मुलींची परीक्षा असते, कधी कोणाला ताप येतो. तिचं येणं पुढेच जातं. रविवारी फोन करते तेव्हा मी माझ्या तपासण्या सांगत असते, आणि मागून कोणीतरी मुलगी तिला हाक मारते. ती "आली, आली" म्हणत फोन ठेवते.

त्या सगळ्या तिला आत्याच म्हणतात.