एक मात्रा कमी

सुरुवातीलाच माफी मागते. माझे शिक्षण खांडबाऱ्याच्या शाळेत चौथीपर्यंत झाले. अक्षर कोंबडीने उकिरडा उकरावा तसे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून दगा देतात. हे मी माझ्यापुरतेच लिहिते आहे, तरी माफी मागते, कारण ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना ऱ्हस्वाचे दीर्घ झालेले सहन होत नसे. "पोरी, तुन्ही एक वेलांटी चुकनी का कवीना पाय मोडस," असे ते म्हणत.

ते म्हणजे माझे सासरे. सगळा गाव त्यांना जिभाऊ म्हणे, म्हणून मीही जिभाऊच लिहिते. आता ते नाहीत. पण ओसरीवरची खाट हलली की अजून वाटते, उठले वाटते पुन्हा. कारण त्यांच्याने एका जागी बसवत नसे. डोळे गेल्यावरसुद्धा खांब धरून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत. बसले तर पाय हलवत. आणि कविता चालू असली तर उजव्या हाताची बोटे खाटेच्या लाकडावर पडत, टक टक टक टक. कविता कुठे अडखळली की बोटेही अडखळत आणि त्यांचे तोंड कडू होई.

आमची तापीकाठची काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. कापूस विकला की लोक बैल बघत, बायकोला दागिना करत. जिभाऊ पुण्याहून कवितांची नवी पुस्तके व्ही. पी. ने मागवत. सातवीपर्यंत नंदुरबारला शिकलेले, पण नाद असा की घरात पोथ्या कमी आणि कवितांची पुस्तके जास्त. तीही नवीच हवीत. कोणी म्हटले, जिभाऊ, जुने कवी काय वाईट? तर म्हणत, "जे गयात त्यासले काय सांगशी? जित्ता कवी पाहिजे. त्यानासंगे भांडता येस."

आणि ते खरेच भांडत. पुस्तक वाचून झाले की कवीला कार्ड जाई. आपली कविता मिळाली, अमुक पान आवडले, तमुक पानावर आपण उगाच रडला आहात. रडणाऱ्या कवींचा त्यांना फार राग. "कोनी मारं याले? मारं व्हई ते नाव सांग म्हना, मी जास." एका पुस्तकात शेतकऱ्याच्या झोपडीवर कविता होती. ती ऐकून म्हणाले, "झोपडी देखी यानी, पन बाहेरथीन देखी. आत गया नई तो." मनापासून आवडलेल्या कवितेला मात्र ते काहीच म्हणत नसत. नुसते म्हणत, "पानी आन." पाणी मागितले की समजावे, कविता पास झाली.

वाचून दाखवायचे काम आधी माझ्या मालकांचे होते. ते गेल्यावर माझ्याकडे आले, कारण घरात अक्षरओळख असलेली मीच उरले. मालक गेले म्हणजे देवाघरी नव्हे, सुरतेला गेले. त्यांनी एका वर्षी नंदुरबारला कापूस विकला आणि चारशे रुपये घरी आणण्याऐवजी एका माणसाबरोबर भागीत प्रवासी मोटार घेतली. ती खापर गावापर्यंत चालवायची होती. पहिल्याच पावसाळ्यात मोटार नाल्यात बसली आणि भागीदार कुठे गेला ते कळले नाही. जिभाऊ ओसरीवर चार माणसांदेखत मुलाला म्हणाले, "चारशे रुपया फिटतीन तवय या घरमा तुन्हं नाव निंघी. तोवर नई." मालक त्याच रात्री स्टेशनवर गेले. मला सांगून गेले नाहीत. सांगणार कसे, मी सासूबाईंजवळ निजत असे.

त्या दिवसापासून घरात त्यांचे नाव निघाले नाही. जिभाऊंनी रागाने घेतले नाही, सासूबाईंनी भीतीने. मी तर घेणारच नव्हते, बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नसतेच. इथे लिहिते, कारण लेखणीला सासर नसते. त्यांचे नाव वसंत. जिभाऊंनीच एका कवितेवरून ठेवले होते. सासूबाई सांगत, "मी म्हने खंडू ठेवा. देवनं नाव, काई वांधा नई. पन यासले ते ऋतू पाहिजे व्हता."

तर मी दाराच्या आत, उंबऱ्यावर पुस्तक टेकवून, पदर नाकापर्यंत ओढून वाचायला बसे आणि जिभाऊ बाहेर खाटेवर. सासूबाई जवळच कापसातली पाने-काड्या वेचत बसत. पहिल्या दिवशी पहिल्याच कवितेत कवी आपल्या सखीच्या केसांत फूल माळत होता. माझे कान तापले. मी ती ओळ गिळली. लगेच बाहेरून आवाज, "एक ओळ खाई गयी तू. कडवं तीन पायवर उभं शे." मी ती ओळ पुटपुटत वाचली. सासूबाई कापूस टाकून म्हणाल्या, "माय वो! सासरासामने हाई वाचतस का? आमना टाईमले असं तोंडमाईन निंघतं ते जिभले डाग देतात!" जिभाऊ म्हणाले, "तुमना टाईमले कविता नई व्हती, मन्हूनच डाग देवाले सवड व्हती. वाच वो पोरी. मन्हा डोया गयात, कान गया नई."

हळूहळू मी फुले वाचायला शिकले, केस वाचायला शिकले, डोळ्यांतले पाणीही वाचले. एके दिवशी जिभाऊंनी मला विचारले, "तुले कशी वाटनी?" तोवर मला कोणी काही कसे वाटले म्हणून विचारले नव्हते, भाकरीसुद्धा नाही. मी म्हटले, बरी आहे. ते चिडले. "बरी म्हंजे काय? बरी ते भाजी ऱ्हास." मग मी दाराआडून म्हटले, "शेवटची ओळ नको होती. त्याआधीच कविता संपली." बाहेर बोटे थांबली. जिभाऊंनी पाणी मागितले. त्या दिवशी मी तांब्या काठोकाठ भरून नेला. पुढे मला विहिरीवर, चुलीपुढे, कविता सुचत नसत पण कवितांवरचे बोलणे सुचू लागले. एका पुस्तकात एक कविता वाट बघणाऱ्या बाईवर होती. ती वाचून वाटले, हा कवी कधी कोणाची वाट बघत बसलेला नाही. वाट बघणारी बाई खिडकीत उभी राहत नाही, ती धुतलेली भांडी पुन्हा धुते. हे मात्र मी जिभाऊंना सांगितले नाही.

अडचण निराळीच निघाली. नव्या कवींना वसंताशिवाय चालतच नाही. दर दोन पानांआड वसंत येतो, वसंत हसतो, वसंत रुसतो. तो शब्द आला की माझी जीभ टाळूला चिकटे. मी माझ्यापुरती तोड काढली. वसंत म्हणजे चैत-वैशाखच ना, मग मी "चैत" वाचू लागले. एक पुस्तक आले, त्याच्या पहिल्याच पानावर ओळ होती:

दार उघडले कुणी न तरिही वसंत आला दारी

मी वाचली, "चैत आला दारी". बोटे अडखळली. "परत वाच." परत वाचली. "हाऊ कवी लंगडस," जिभाऊ म्हणाले. पुढच्या पानावर पुन्हा लंगडला, त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा. "एक मात्रा कमी! दर टाईमले एकच मात्रा कमी! एवढं पुस्तक छापं आन मात्रा मोजता येस नई? कार्ड आन."

कार्ड आणले. ते सांगू लागले, "कविवर्य, आपल्या पहिल्याच कवितेत..." आणि मला पुढे लिहवेना. त्या कोण्या परक्या माणसावर माझ्या जिभेचा दोष लिहायचा होता. खरे सांगावे तर ज्या नावाची घरात बंदी त्याची गोष्ट काढावी लागणार. मी नुसती टाक शाईत बुडवत राहिले. जिभाऊ बाहेरून ओरडले, "लिखं का?" मी पुन्हा टाक बुडवला. तेव्हा सासूबाईच बोलल्या. चुलीपुढे मी त्यांना माझी अडचण सांगितली होती.

"त्या कवीले कशाला बोल लावतस? तो सरळच चाली ऱ्हायना. तुमनी सून नवरानं नाव लेत नई. तुमना पोऱ्यानं नाव छापेल शे तठे."

जिभाऊ एकदम बसले. मग उठले, खांब धरून त्या टोकाला गेले, परत आले, पुन्हा गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. कार्ड तसेच राहिले. आठ-दहा दिवस पुस्तक उघडले नाही आणि मला वाटले, संपले. मला चुलीपुढेही बसवेना. घरात नवरा नाही याची सवय होत आली होती. कविता नाही, याची होईना.

मग एका दुपारी त्यांनीच हाक मारली. "पोरी, चैत नको म्हनू. मोहर म्हन. मात्रा बसस." मी "मोहर आला दारी" म्हणून पाहिले. बोटे बरोबर पडली. जिभाऊ किंचित हसले, पण ते हसणे चांगले नव्हते. "मोहर आंबाले बी येस आन थैलीमा बी ऱ्हास. थैलीमा येवाले पाहिजे आधी. मंग दारमा."

तेव्हापासून आमच्या घरात वसंताला मोहर म्हणत. कोणत्याही कवीचा वसंत असो, मी मोहर वाची.

सुरतेहून मनीऑर्डर येऊ लागल्या. कधी दहा, कधी पंधरा, आणि कधी दोन-दोन महिने काहीच नाही. टपालवाला येण्याच्या दिवशी जिभाऊंच्या फेऱ्या वाढत. लांबून सायकलची साखळी वाजली की ते मला वाचायला बसवत, म्हणजे आपण वाट बघत नव्हतो असे दिसावे. सही करताना पाठवणाऱ्याचे नाव ते विचारत नसत. "कोठली?" एवढेच. मी म्हणे, "सुरतेची." मग ते त्याच बोटांच्या पेरांवर मनाशी काही मोजत, मात्रा मोजावी तसे, आणि पैसे सासूबाईंकडे देत. त्यातला एक रुपयाही त्यांनी खर्चू दिला नाही. कुपनाच्या चिमुकल्या जागेत मालक लिहीत, "तीर्थरूपांस शिरसाष्टांग नमस्कार." माझ्यासाठी शब्द नसे. वडिलांच्या मनीऑर्डरीत बायकोला कोण लिहिणार? एकदा मात्र शेवटी होते, "सर्व मंडळींस नमस्कार." त्या सर्व मंडळींत मी होते, असे धरून मी ते कुपन उशीखाली ठेवले.

जिभाऊ वाळत चालले. सासूबाई म्हणत, चिंचपाड्याला मिशनचे डॉक्टर मोतीबिंदू काढतात, गाडी जुंपू का? ते म्हणत, "कोनले देखाना शे?" एका हिवाळ्यात ताप येऊन खाटेला खिळले. तापात फेऱ्या घालता येत नव्हत्या, म्हणून नुसती बोटे चालू असत, कविता नसली तरी. सासूबाई मला विहिरीवर म्हणाल्या, "पैसा बाकी ऱ्हायना आन हाई चालना गयात, ते काय करशी? यासना शब्द यासनासंगेच जाई. मंग त्या पोऱ्याले हाई घर कायमनं बंद." मीही तेच मोजत होते. बापलेकांच्या मध्ये किती रुपये उरले आहेत ते मला नक्की माहीत नव्हते. विचारायची सोय नव्हती. मी नुसते जिभाऊंच्या बोटांकडे बघे.

ताप उतरला. शिमग्याच्या आधी एका सकाळी टपालवाला आला. त्या वेळची रक्कम नेहमीपेक्षा मोठी होती. त्याने नोटा जिभाऊंच्या हातात मोजून दिल्या. जिभाऊंनी एकेक नोट चाचपली, कड ओढून पाहिली. सही केली. टपालवाला गेला तरी ते तसेच बसून होते, पाय न हलवता. मी त्यांना तसे कधी पाहिले नव्हते.

"फिटनात," ते म्हणाले. "चारशे फिटनात."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. जिभाऊ माझ्या दिशेने मान वळवून म्हणाले, "ते पुस्तक आन. लंगडा कवीनं."

मी आणले, उंबऱ्याशी बसले, पहिले पान काढले. "दार उघडले कुणी न तरिही," मी वाचले आणि सवयीने म्हणाले, "मोहर..."

"मोहर नई," जिभाऊ म्हणाले. "मोहर फिटनी. आते जे छापेल शे ते वाच."

मी ओठ उघडले, मिटले. इतक्या दिवसांत मी त्यांच्यापुढे फुले वाचली, केस वाचले, पण ही तीन अक्षरे माझ्याने होईनात. सासूबाई म्हणाल्या, "तिले कशाला छळतस? ती नाव लेवाव नई." मग जिभाऊच म्हणाले, हळू, पहिल्यांदा एखादे नाव ठेवताना म्हणतात तसे.

"वसंत."

मी पुढे वाचले, "आला दारी." खाटेवर बोटे बरोबर पडली, एकही मात्रा कमी नाही.

"पानी आन वो पोरी," ते म्हणाले.