नवसात बोललेला ड्रम

आमच्या बँडला नेमकं काय म्हणायचं, हे मला तो बंद पडून तीस-पस्तीस वर्षं झाल्यावर कळलं. मुलीनं मोबाइलवर कसलासा परदेशी गोंगाट लावला होता. मी म्हटलं, हे तर आम्ही पांढुर्ण्यात वाजवायचो. तिनं मला वेड्यात काढलं. याला हार्डकोर पंक म्हणतात बाबा, म्हणाली. म्हणत असतील. आम्ही त्याला प्रॅक्टिस म्हणायचो, आणि गाव जे म्हणायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आम्ही तिघं होतो. गाणारा किराणा दुकानदाराचा मुलगा. ड्रमर एका वारलेल्या मास्तरांचा एकुलता एक. गिटार माझ्याकडे, माझे वडील सौसरच्या तहसिलीत कारकून, आणि मी कॉलेजसाठी पांढुर्ण्याला मामाकडे राहिलेलो. ऐंशीनंतरची ती वर्षं. तिघंही बी.ए. आणि तिघंही रिकामटेकडे. बी.ए. झाल्यामुळे दुकानात बसणं कमीपणाचं, आणि नोकरी तर कुठे दिसत नाही, अशी आमची त्रिशंकू अवस्था होती. सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हा खरोखर पडायचा.

उठायला कारण मिळालं ते एका बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमुळे. मामाच्या शेजाऱ्यानं तो टाकून दिला होता. मोटर जळालेली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं कुठली तरी दुसरी मोटर बसवून दिली. आमच्याकडे कॅसेट एकच, नागपूरहून आलेली, इंग्रजी गाण्यांची. लावली, तर काय ती गाणी! घोडं उधळल्यासारखी पळायची. गाणारे चिरक्या आवाजात किंचाळायचे. आम्हाला वाटलं, साहेब लोक असंच गात असतील. मग आम्हीही तसंच शिकलो. गाणाऱ्याच्या काकांचं संत्र्याचं गोदाम हंगाम सरला की रिकामं पडायचं; तिथे लाकडी पेट्या आणि वाळलेल्या गवताच्या ढिगात आम्ही दुपारभर जीव तोडून वाजवायचो. गाणाऱ्याचा आवाज तेवढा उंच चढेना, म्हणून तो ओरडायला लागला. शब्द त्याचे स्वतःचे असत. "लाईन नाई, पानी नाई, नौकरी नाई, नाई नाई नाई!" हे आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं. गाजलेलं म्हणजे आमच्या तिघांत.

वर्षभरानं नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा माझा मामेभाऊ आला. त्यानं ऐकलं आणि हसून लोळला. मोटर चुकीची बसली आहे, मूळ गाणी निवांत चालीची आहेत, असं त्यानं समजावलं. आम्ही ओशाळलो. गाणारा मात्र हटला नाही. "मंग त्याईचीच चूक हाय बे. एवढं हळू कोन गाते?" म्हणाला. आम्ही आमच्याच चालीनं चालू ठेवलं.

कार्यक्रम म्हणावेत असे मोजकेच झाले. तिगावच्या गणपतीत आम्हाला बोलावलं होतं. पहिलं गाणं अर्ध्यावर असताना माईकवाल्यानं धावत येऊन विजेची लाईनच काढली. त्याला वाटलं, त्याचे भोंगे फाटून राहिले. लोकांनाही मशीन बिघडल्यासारखंच वाटलं होतं. एक म्हातारा माझं सांत्वन करत म्हणाला, "होते बाबू, होते कधी कधी." मी त्या रात्री फार खचलो होतो. पण परतताना ड्रमर बैलगाडीच्या फळीवर काड्यांनी ठेका धरून बसला होता, आणि त्याच्याकडे पाहून वाटलं, हा आहे तोवर आपलं चालेल.

ते खरंच होतं. मी बेताचा, गाणारा नुसता दांडगा, पण ड्रमर अस्सल होता. लग्नात वाजवणाऱ्या, पुढे बंद पडलेल्या एका बँडचा मोठा ड्रम त्यानं मिळवला होता, त्याला सायकलच्या सामानातून पायानं ठोकायचा दांडा बसवला, शेजारी ताशा आणि टांगलेली झांज. एरवी तोंडातून शब्द न काढणारा हा पोरगा वाजवायला बसला की हसायचा. त्याच्या आईनं ते हसणं कधी पाहिलं नव्हतं, कारण ती गोदामाकडे कधी फिरकली नाही.

या काकू मास्तरांच्या पेन्शनवर घर चालवायच्या आणि मुलगा वाया जातोय या काळजीनं झुरायच्या. एका शनिवारी त्या जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आल्या, आम्हाला चहा दिला आणि सरळ सांगितलं, "मारुतीले बोलून आली मी. पोट्ट्याले सरकारी नौकरी लागू दे, त्याचा ढोल तुह्या दारी आनून वाहीन."

"नारळ बोलाचा ना काकू," गाणारा म्हणाला. "ढोल काहून?"

"नारळावर कोनाचा जीव हाय बाबू? जिवाची वस्तू द्या लागते, तवा देव आयकते."

ड्रमर खाली मान घालून चहा पीत राहिला. मला त्या बाईचा इतका राग आला की कप तसाच ठेवून मी उठलो. खरं सांगायचं तर तो राग अजून पुरता गेलेला नाही. त्या मात्र तेव्हापासून ड्रम जपू लागल्या. हंगामात गोदाम भरलं की तो त्यांच्या घरी जायचा. त्या रोज पुसायच्या, वर धुतलेलं लुगडं घालायच्या. "फाडू नका बाप्पा, देवाचा हाय तो आता," असं बजावायच्या.

गाणाऱ्यानं उलटा नवस बोलायचं ठरवलं. नोकरी देवानं हवी त्याला द्यावी, आमच्या ड्रमरला तेवढी देऊ नये. मोठ्या तावातावानं तो सायकल मारत जामसांवलीला गेला. संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्यानं आला. हात जोडल्यावर तोंडातून निघालं ते स्वतःच्याच नोकरीचं, म्हणाला. हसावं की रडावं, कळेना. आम्ही त्या दिवशी काही वाजवलं नाही.

आणि नोकरी लागली ती ड्रमरलाच. शाळामास्तर, वडिलांसारखा. पण नेमणूक बस्तरात, आमच्या तेव्हाच्या राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जंगलात. नागपूर, रायपूर, तिथून बस, मग दुसरी बस, मग पायी. काकूंनी गल्लीत पेढे वाटले आणि गावाचं नाव कोणी विचारलं तर "तिकडं, रायपूरकडं" एवढंच सांगितलं.

नवस फेडायला आम्ही ड्रम टेम्पोत घालून नेला. झाडांखाली रोडग्यांचा स्वयंपाक चालला होता, कणकेचे गोळे भाजणाऱ्या गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जात होता. देवाच्या हवाली करण्याआधी त्याला एकदा वाजवू द्या, असं गाणारा म्हणाला. काकू लगेच हो म्हणाल्या. माईक नव्हता, माझ्या गिटारीचा आवाज मलाही येत नव्हता. नुसता ड्रम वाजत होता. स्वयंपाकाच्या बाया वळून पाहू लागल्या. ड्रमर हसायला लागला, आणि काकू हातातलं ताट तसंच धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग मधेच तो थांबला, काड्या खाली ठेवल्या, ड्रमला हात लावून कपाळाला लावला.

"झालं?" काकूंनी विचारलं. "अजून वाजव ना रे थोडासा."

"नाई माय. झालं."

त्याच्यानंतर दुसरा ड्रमर शोधायचा प्रयत्न आम्ही केला, पण त्यात दम नव्हता. गाणारा पावसाळ्याच्या आत दुकानात बसला. मी सौसरला परतलो आणि पुढे चिकटलो कुठे तरी. पहिल्या उन्हाळ्यात ड्रमर सुट्टीवर आला तेव्हा मलेरियानं अर्धा झाला होता. भेटायला गेलो तर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी बँडचा विषय काढला. तो "हो ना" म्हणाला आणि त्यानं चादर तोंडावर ओढून घेतली.

दिवाळीत मी पांढुर्ण्याच्या फलाटावर काकूंना पाहिलं. नागपूरकडून गाडी आली, उतरणारे उतरले, गाडी गेली. ड्रमर आलाच नव्हता. त्या तरीही उतरलेल्यांच्या पाठी बघत उभ्या होत्या. मी त्यांना बाकावर बसवलं.

"बदलीचे लय अर्ज केले त्यानं," त्या म्हणाल्या. "कोनी आयकून नाई राहिलं. म्या मारुतीले नौकरी मागतली बाबू, गाव सांगाचं राहून गेलं."

मी म्हटलं, मग पुन्हा नवस बोला काकू, बदलीचा.

"गेली होती ना शनिवारी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "हात जोडले अन् सुचेच ना. आता कायच्यावर जीव हाय रे त्याचा? काय वाहू मी?"