गाऱ्हाण्यात घातलेला हप्ता

माझ्या सख्ख्या चुलत्याने मला फसवलं, आणि तेही गणपतीसमोर उभं करून.

मी सहजासहजी फसणारी नाही. कॉलेजची फी मी मे महिन्यात हायवेवर आंब्याच्या पेट्या विकून भरली. गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की मी पेटी झाकून ठेवायचे. मग गाडीत जाऊन बसलेलं गिऱ्हाईक गाडीचं दार उघडं टाकून परत यायचं. बी.कॉम. झाले, मिरजोळ्याला काजूच्या कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर लागले. तिथेही पगार घासाघीस करूनच ठरवला.

पहिल्या पगारापासून तीन वाटे केले. एक बँकेत, अडीनडीला. एक दरमहा म्युच्युअल फंडात. आणि एक हिमाचलसाठी. मैत्रिणींनी ठरवलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात बर्फ बघायचा. मी रत्नागिरीच्या बाहेर गेले होते ती फार तर कोल्हापूरपर्यंत. तिसरा वाटा मला बाकी दोघांपेक्षा प्यारा होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

काका मुंबईला कारकून आहेत आणि जोडीला विमा विकतात. गणपतीला गावी आले ते माझ्यासाठी योजना घेऊनच.

"तीन तीन वाटे कशाला? ह्यात सगळं एकत्र होतं. वर्षाला एकच हप्ता."

"आणि फिरायला जायचं असलं तर?"

"मोडायची!"

"कधीही?"

"कधीही गो बाय. स्वतःच्या काकाला पावती मागणार काय आता?"

घरात सगळे हसले. मी म्हटलं, बघते. परक्या माणसाला मी तिथेच आडवं घेतलं असतं.

संध्याकाळी आरती झाली. आमच्याकडे आरतीनंतर घरातला मोठा माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो: कुणाला नोकरी लागू दे, कुणाचं लग्न जमू दे. प्रत्येक मागण्यावर सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्या घरात सगळ्यांत मोठे हेच काका. त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बा गणराया, आमची पोरगी उद्यापासून विम्याची योजना सुरू करतेय, तिला यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आरतीला जमलेली अख्खी वाडी म्हणाली. सवयीने मीही म्हणाले.

गाऱ्हाण्याला मध्येच थांबवणारं माणूस आमच्या वाडीत अजून जन्मायचंय. दुसऱ्या दिवशी मी सही केली. हिमाचलचा वाटा पहिल्या हप्त्यात गेला. वर्षाचा हप्ता एवढा मोठा, की पुढच्या हप्त्यासाठी फंडात जाणारे पैसेही थांबवावे लागले.

एप्रिलमध्ये योजना मोडायला शहरातल्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, पाच वर्षं काही मिळणार नाही. आत्ता बंद केलीत तरी पैसे तेव्हाच, आणि तेही कापून."

तिथूनच काकांना फोन लावला.

"कधीही मोडता येते म्हणालात!"

"अगो, बर्फ कुठे पळून जातोय? आणि तू स्वतः देवासमोर हो म्हणालीस ना?"

फोन मी आपटलाच. पडदा फुटला, तो खर्च आणखी वेगळा.

मैत्रिणी गेल्या. बर्फाच्या गोळ्यांचे फोटो आले, ते मी काजूगराच्या पोत्यांमध्ये बसून बघितले. आई अजून म्हणते, "सोड गो, आपलेच आहेत." आपले आहेत म्हणून सोडायचं? परक्याने आंब्याच्या पेटीत खाली हिरवी फळं भरली तर वाडी त्याला रस्त्यावर उभा करते. काकांनी तेच केलं, तर त्यांना मोदक वाढायचे?

आता गणपती पुन्हा तोंडावर आलेत, आणि दुसरा हप्ताही. मैत्रिणींना पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बर्फात जायचंय, त्या तिकीट काढायच्या घाईत आहेत. मला हो की नाही ते सांगायचंय. हप्ता मी भरणार नाही. बुडाले ते बुडू देत, पण तिसरा वाटा पुन्हा कुणाच्या हातात देणार नाही.

काका, यंदाही आरतीनंतर तुम्हीच पुढे उभे राहाल. मी मागे बायकांत नसेन, तुमच्या शेजारी असेन. गाऱ्हाणं घालण्याआधी तुम्ही एवढंच सांगायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: पाच वर्षं पैसे अडकणार हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं की नव्हतं? आणि माझ्या हप्त्यातून तुम्हाला कमिशन किती मिळालं? उत्तर आल्याशिवाय मी "व्हय म्हाराजा" म्हणणार नाही. बोला.