बेल्ट सैल असलेला टेपरेकॉर्डर

आमचा बँड नक्की काय वाजवायचा, हे मला आजही धड सांगता येत नाही. पोस्टरवर आम्ही 'कंट्री आणि ब्लूज रॉक' असं छापायचो. ते वाचून कोल्हापुरातली माणसं विचारायची, "म्हंजे लग्नाची ऑर्डर घेता का न्हाय?" आम्ही नाही म्हटलं की त्यांचा आमच्यातला रस संपायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर शाहूपुरीत, माझ्या काकांच्या पंपदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत हा उद्योग सुरू झाला. गिटार मी वाजवायचो. ड्रम आणि बास माझ्या गल्लीतल्या दोन भावांकडे. गाणारा मित्र नेसरीचा, कॉलेजसाठी होस्टेलवर राहणारा. त्याचे वडील, आप्पा, शेतीची कामं सांभाळून भीमगीतांची गायन पार्टी चालवायचे. त्यांचा आवाज असा चढायचा की माईक बंद पडला तरी मागच्या माणसाला शब्द न् शब्द कळावा. मित्र त्यांच्याच कोरसमध्ये उभा राहून गायला शिकला होता. पुढं पार्टी त्यानंच चालवायची, हे त्यांच्या घरात न बोलता ठरलेलं होतं.

आम्हाला शिकवायला कुणी नव्हतं. माझ्या मावसभावानं मुंबईहून पिशवीभर इंग्रजी कॅसेटी पाठवल्या होत्या. माझ्या टेपरेकॉर्डरवर एक ओळ ऐकायची, मागं घ्यायची, पुन्हा ऐकायची. गिटारच्या ताराही त्या टेपशीच जुळवायच्या. दुसरं प्रमाण होतं कुठं आमच्याकडं?

एकदा टेपनं कॅसेट गिळली म्हणून मी तो दुरुस्तीला नेला. कारागीर म्हणाला, "पावणं, ह्याचा बेल्ट सैल पडलाय. टेप दमानं पळतोय, म्हणून गाणं बी खाली उतरतंय." त्यानं नवा बेल्ट चढवून वाजवून दाखवलं. गिटार अशी काही सुसाट सुटली की मी घाईनं बटण दाबून टेप बंद केला. सहा महिने घासून बसवलेलं सगळं पाण्यात गेलं असतं, आणि त्या वेगानं माझी बोटं जन्मात चालली नसती.

"जुनाच बसवा," मी म्हणालो.

"डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" त्यानं विचारलं, पण बसवला.

हे मी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून असेल. सांगायचं राहून गेलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं, पण ते खोटं आहे.

मित्राला मात्र त्या टेपमागं खाली उतरावं लागलं. सुरुवातीला तो खोकायचा, मधेच थांबायचा. "लई खाली हाय की रं हे," तो एकदा म्हणाला.

"तसलंच असतंय ते," मी ठोकून दिलं.

आणि त्याला ते जमलं की! कॉलेजच्या गॅदरिंगला त्याचा तो जाड, घोगरा आवाज ऐकून पोरांनी बाकं बडवली. मग आम्ही आमची मराठी गाणी केली, उसाच्या ट्रॉल्यांवर, चुकलेल्या एसटीवर, सगळी त्याच खालच्या सुरात. कुठल्याही कंपनीकडं न जाता सहा गाण्यांची कॅसेट स्वतःच काढली आणि कार्यक्रम झाला की पिशवीतून विकायला उभे राहायचो.

गडहिंग्लजला एका मंडळानं संध्याकाळी बोलावलं होतं. निम्मी माणसं दुसऱ्या गाण्याला उठून गेली. आप्पा नेसरीहून पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते, ते शेवटपर्यंत बसले. नंतर त्यांनी मुलाला विचारलं, "आवाज कुनाचा काढलास रं?"

"माझाच हाय की, आप्पा," तो हसून म्हणाला.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, यांना कळलं. काय कळणार होतं? टेप त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. तरी मी खाली मान घालून वायरी गुंडाळत बसलो.

त्याच वर्षी भीमजयंतीच्या आधी त्यानं आप्पांना सांगून टाकलं की वरचा सूर आता लागत नाही. पार्टी चुलतभावाकडं गेली. आता हा पुरता आमचा झाला, म्हणून मला बरं वाटलं. वाईटही वाटलं का? वाटलं असावं, नक्की सांगता येत नाही.

दोन हजार सालानंतर बासवाल्यानं मावसभावाच्या कॅसेटींतल्या त्याच इंग्रजी गाण्यांची सीडी आणली. ही भलत्याच कुणीतरी गायलीत, असंच आम्हाला आधी वाटलं. मित्रानं एक गाणं तीनदा लावलं. सीडीतला माणूस उंच, मोकळ्या आवाजात गात होता, आप्पा ज्या पट्टीत गायचे त्याच पट्टीत. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. सगळ्यांसमोर बेल्टचं सांगून टाकलं.

तो ओरडला असता तर फार बरं झालं असतं. "किती वरसं?" त्यानं एवढंच विचारलं.

"सात."

"तारा वर चढव."

मी चढवल्या. पहिल्या ओळीला त्याचा आवाज फाटला, दुसरीलाही फाटला. तिसरीला लागला, आणि त्या खोलीत आप्पाच गातायत असं वाटलं. मी त्याच्या वेगाला पुरा पडेना, मागं राहिलो आणि थांबलो. तो थांबला नाही.

गाणं संपल्यावर तोंडावर पाणी मारून तो म्हणाला, "आप्पांस्नी ऐकवून येतो." तसाच स्टँडवर गेला. पुन्हा कधी तालमीला आला नाही, आणि मीही बोलवायला गेलो नाही.

आमची कॅसेट माझ्याकडं आहे. तिच्यातला तो घोगरा आवाज मला अजून आवडतो. मग माझा मलाच राग येतो, आणि तरी मी ती परत मागं घेऊन लावतो.