दहा मिनिटे पुढचे घड्याळ

सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दुपार अशी येते, की सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. भूगोलाचा शिक्षक म्हणून तीस वर्षे मी ती मुलांना दाखवली. पत्नीने ती कधी पाहिली नव्हती. ती वेळ तिच्या भाकऱ्यांची असे. यंदा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती स्वतःहून म्हणाली, "ह्या साली मला दाखवा." मी शब्द दिला.

त्या दिवशी पहाटेच वादळ आले. वीज गेली, मोबाइल बंद पडला. शेजारच्या गोठ्याचा पत्रा उडून आमच्या कुंपणावर आदळला. पाऊस खिडकीवर आडवा मारत होता. मी काचेपाशी खुर्ची घेतली आणि उठलो नाही. असा क्षण जुलैअखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. पुढच्या मे महिन्याचा भरवसा आमच्या वयात धरू नये.

"अहो, च्या गार झाला की," ती म्हणाली.

"असू दे."

"ढगाला डोळे वटारून काय हुतंय? त्यो काय तुमचा इद्यार्थी हाय?"

अकराच्या पुढे वारा पडला. पाऊस विरळ झाला. पश्चिमेला पांढरी फट दिसली आणि मी उभा राहिलो. फट रुंदावत होती. परंतु सूर्यावरचा ढग हलेना. बारा वाजून तेवीस मिनिटे ही आमच्या गावची वेळ. भिंतीवरच्या घड्याळात तेवीस झाली. ढग तसाच.

"संपले," मी म्हणालो आणि खिडकी लावून घेतली.

ती परातीत पीठ घेत होती. हात थांबवून तिने घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मास्तर, ह्ये घड्याळ धा मिंटं फुडं कुणी लावलंय?"

मीच लावले होते. घरात कोणाला उशीर होऊ नये, म्हणून लग्नाच्या वर्षापासून तो नियम होता. रोज मनातल्या मनात दहा वजा करणारा मी, त्या दिवशी वजाबाकी विसरलो.

"चल," मी म्हणालो. आवाज चढला असावा.

"पिठाचे हात हायत!"

"असू देत!"

तिला धरून तीन पायऱ्या उतरवल्या. अंगणातली शहाबादी फरशी ओली होती. ओळंबा लावून काठी रोवण्याचा माझा बेत होता. तेवढा वेळ नव्हता. तिने आपली चालायची काठीच सरळ उभी धरली. ढगाची कड उजळली, फरशी एकाएकी तापल्यासारखी चकाकली आणि ऊन पडले. काठीची सावली बोटभर होती. मग नखाएवढी. मग नव्हती.

"कुटं गेली वो?" ती म्हणाली.

मी हात पाठीमागे बांधले.

"एवढ्यासाठी पोरांना उन्हात हुबं करत हुता व्हय?" ती म्हणाली. पण सावली दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत ती जागची हलली नाही. काठीवर तिची पिठाची बोटे उमटली होती.

संध्याकाळी घड्याळ बरोबर लावण्यासाठी मी स्टूल घेतले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "फुडच्या साली ती धा मिंटं लागतील."

घड्याळ अजून दहा मिनिटे पुढेच आहे.