टॉन्सिलचं माप

सोनोग्राफी म्हणजे पोटाची, असं आमच्याकडे पक्कं ठरलेलं आहे. त्यामुळे मालवणला सोनोग्राफीला चालले आहे असं मी एसटीत शेजारणीला सांगितलं, तेव्हा तिची नजर आधी माझ्या पोटावर गेली.

"कितवो म्हयनो गो?"

"माझी नाय, चेडवाची. आणि पोटाची नाय, गळ्याची."

तिला ते पटलं नाही. कसालचा थांबा मागे पडला तरी ती मधूनमधून माझ्या पोटाकडे बघतच होती. पुढच्या सीटवर सासरे आणि त्यांच्या शेजारी खिडकीत ते चेडू, माझी सात वर्षांची मुलगी. सासरे आमच्याबरोबर यायला निघाले, हेच मुळात नवल होतं.

मुलीला टॉन्सिलचा त्रास होता. ताप यायचा, जायचा, त्याचं फारसं कुणाला वाटत नव्हतं. माझं लक्ष तिच्या झोपेवर होतं. ती मोठ्यांसारखी घोरायची आणि घोरता घोरता मध्येच श्वास अडायचा. छाती वरखाली होत राहायची, हवा मात्र आत जात नसायची. मग एक मोठा आचका आणि पुन्हा सुरू. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती झोपली की मी शेजारी भाजी निवडत बसायचे, आणि तिचा श्वास थांबला की माझे हातही थांबायचे. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांनी मला धीर धरायला सांगितलं की मला राग यायचा. अजून येतो.

पहिल्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले, "फार मोठ्या वाटत नाहीत. वयाबरोबर लहान होतील, थांबून बघू." आता बघून तरी किती बघणार? पट्टी जिभेला टेकली की पोर ओकाऱ्या काढायची. मालवणच्या दुसऱ्या डॉक्टरांनी श्वास अडण्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शस्त्रक्रियेचा विषय काढला. तो घरी पोचला तसे सासरे म्हणाले, "देवाक इचारूया."

सासरे गावच्या देवळाचे मानकरी. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो. मग देवाला प्रश्न घालायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सासऱ्यांनी प्रश्न घातला, "बा देवा म्हाराजा, नातीच्या गळ्यातल्यो गाठी आपसूक ल्हान होतल्यो आसत, तर उजवो कौल दी."

उजवी पडली. कापाकापी नको, असं ठरलं.

मी हायस्कुलात गणित शिकवते. उत्तर बरोबर पण प्रश्नच चुकीचा उतरवून घेतलेला, असं रोज बघते. घरी आल्यावर न राहवून म्हटलं, "बाबा, ल्हान होतल्यो ता खरा. पण केदवा? ता तुमी खंय इचारलास?"

"देवाक तारीख इचारूची नसता," असं म्हणून ते गोठ्याकडे गेले. नवरा नेहमीप्रमाणे 'दोघांचंही बरोबर आहे' म्हणून मोकळा झाला.

देवाशी माझं भांडण नव्हतं. देव बरोबर होता आणि पहिले डॉक्टरही बरोबर होते, कारण मोठेपणी टॉन्सिल लहान होतातच. फक्त तोवर माझ्या पोरीने श्वास कुठून घ्यायचा, हे दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं.

मालवणच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "तोंडातून दिसतो तो वरचा भाग. आत किती रुतलंय ते गळ्यावरून सोनोग्राफी करून मोजता येतं. शस्त्रक्रियेआधी मला ते माप हवंच आहे." मोजायचं म्हटल्यावर सासऱ्यांना विरोध करता येईना. "माप बघूक येतंय. कापूक देवचंय नाय," एवढं बजावून ते एसटीत चढले होते.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. मुलीच्या खांद्यांखाली उशी देऊन मान मागे केली, जबड्याच्या कोपऱ्याखाली जेल लावलं. "थंड लागता!" म्हणून ती खिदळली. तोंड उघडायचं नाही म्हटल्यावर तिची काही तक्रार नव्हती. पडद्यावर करड्या रंगात एक लांबट गोळा दिसला. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या दोन टोकांना फुल्या मारल्या, मग आडव्या मारल्या, मग दुसऱ्या बाजूला तेच. माप सेंटिमीटरमध्ये सांगितलं.

"म्हणजे केदी मोठी?" सासऱ्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तोंडातसून दिसता ता काजूगराएदा. खरी आसा ती सालीसकट अख्खी बी. आणि अश्यो दोन, समोरासमोर."

सासऱ्यांचं आयुष्य काजूत गेलंय. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग नातीच्या बारक्या गळ्याकडे.

"आणि वारो खंय आसा?"

"हवा या मशीनवर दिसत नाही, आजोबा. गाठी दिसतात. हवेला किती जागा उरली ते आपण समजून घ्यायचं."

परतीच्या एसटीत मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली. मी मागच्या सीटवर होते. तिचं घोरणं थांबलं तशी सासऱ्यांची पाठ ताठ झाली. आचका देऊन ती पुन्हा घोरायला लागेपर्यंत ते हलले नाहीत. असं वाटेत पुन्हा पुन्हा झालं.

शस्त्रक्रिया झाली, नीट झाली. पण मला आठवते ती आदल्या दिवशीची सकाळ. सासरे आम्हा सगळ्यांना घेऊन देवळात गेले. चार गावकरी होते. गुरवाने सवयीने पाणी आणि पाकळ्या पुढे घेतल्या. सासऱ्यांनी हातानेच त्याला थांबवलं, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रिवाजाप्रमाणे सगळे म्हणाले.

"गाठी ल्हान होतल्यो म्हणान तू सांगितलंस, ता खरा. पण पोरीक श्वास आज व्हयो. उद्या तिचा आपरेशन आसा. तिका सांभाळ." त्यांनी हात जोडले. "आज मी इचारूक नाय इलंय, म्हाराजा. सांगूक इलंय."

गावकरी गुरवाकडे बघायला लागले. मग मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा."